घरच्या संगणकाचा हवालदार

कावेरीच्या काठी, तंजावरच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटर अंतरावर वसलेले तिरुवैयारु महाराष्ट्रात ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते बहुधा त्यागराजांच्या समाधीमुळेच ठाऊक असते, आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीच्या आराधनेस तेथे जमणाऱ्या गायकवादकांच्या मेळ्यापुढे त्या गावाची दुसरी कोणतीही ओळख सहसा उरत नाही. परंतु व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरची गादी हस्तगत केल्यापासून १८५५ साली ते राज्य वारसाअभावी संपुष्टात येईपर्यंत या पंचनदीच्या मुलखात जे मराठी कारकून, वैद्य, कीर्तनकार आणि शिलेदार स्थायिक झाले, त्यांचे वंशज अद्याप त्या परिसरात आहेत. घरात मराठी, पेठेत तमिळ आणि गाण्यात तेलुगू असा त्यांचा संसार पिढ्यानपिढ्या बिनबोभाट चालत आला आहे. अशा घराच्या ओसरीलगतच्या खोलीत आता संगणकही आहे. त्यात निवृत्तिवेतनाचे कागद आहेत, बँकेचे व्यवहार आहेत, परदेशी गेलेल्या नातवंडांची छायाचित्रे आहेत, आराधनेतील कचेऱ्यांची, म्हणजे मैफलींची, ध्वनिमुद्रणे आहेत, आणि घर पुरेसे जुने असले तर कोणा पूर्वजाच्या मोडी कागदांची टिपून ठेवलेली चित्रेही आहेत. हा सगळा ऐवज सांभाळण्यासाठी कोणता अँटिव्हायरस घ्यावा, असा प्रश्न तंजावरच्या एखाद्या दुकानात उभ्या राहिलेल्या गृहस्थास पडतो, तेव्हा त्याच्यासमोरच्या फळीवर एक मौजेचा योग जुळून आलेला असतो.

त्या फळीवर बहुधा दोन देशी नावे शेजारी शेजारी असतात, आणि त्यांतले एक त्याच्या मातृभाषेच्या मुलखातले, तर दुसरे त्याच्या जन्मभूमीतले असते. पहिले पुण्याचे क्विक हील. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटरदुरुस्तीचे काम पत्करले, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले आणि १९९३ साली संगणकांची देखभाल करणारी कंपनी काढली. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांना बिघाड असा नसतोच, व्हायरसची बाधा असते, हे ध्यानात आल्यावर मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकलेल्या त्यांच्या धाकट्या बंधूंनी, संजय काटकर यांनी, ती बाधा उतरवणारे प्रोग्राम लिहिले. त्यांतूनच क्विक हील उभे राहिले आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दुसरे नाव चेन्नईच्या के-सेव्हनचे. जे. केशवर्धनन यांनी १९९१ साली स्थापन केलेल्या या कंपनीचे तंत्र भारतात फारसे कोणाच्या कानी पडण्यापूर्वीच जपानातल्या घराघरांत, तेथील एका विक्रेत्याच्या नावाने, पोचलेले होते. यांखेरीज परदेशी कंपन्या आहेत, आणि विंडोजच्या पोटातच मायक्रोसॉफ्टने बसवून दिलेला डिफेंडर आहे, ज्यास वेगळी किंमत पडत नाही आणि म्हणूनच ज्याच्याविषयी आपल्याकडे उगाच संशय घेतला जातो.

निवड कशी करावी हे सांगण्यापूर्वी आपण नेमके काय विकत घेतो आहोत हे पाहिले पाहिजे. अँटिव्हायरस हे इतर प्रोग्रामांसारखे एक उपकरण आहे, असा सामान्य समज असतो; वस्तुतः ती एक नेमणूक आहे. यंत्र चालू होताच तो इतरांच्या आधी जागा होतो, प्रणालीच्या गाभ्याशी बसतो, उघडली जाणारी प्रत्येक फाइल उघडण्यापूर्वी वाचतो, आणि काही कंपन्यांचे अँटिव्हायरस तर बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा कूटबद्ध व्यवहारही मध्येच उलगडून तपासतात. एखादी फाइल संशयास्पद वाटली तर मालकास न विचारता ती अटकेत टाकण्याची मुखत्यारी त्याला असते. शिवकालीन गडाच्या बंदोबस्तात सायंकाळी दरवाजे लावून किल्ल्या आपल्या ताब्यात ठेवणारा हवालदार असे, त्याच जातीचा हा अधिकार आहे. आणि तो किती मोठा आहे हे जाणूनच त्या काळच्या व्यवस्थेने हवालदाराच्या जोडीस हजेरी व जमाखर्च पाहणारा सबनीस आणि शिबंदीवरचा सरनोबत असे बरोबरीचे अंमलदार नेमले होते, की जेणेकरून एकट्या कोणासही गड परस्पर शत्रूच्या हवाली करता येऊ नये. घरच्या संगणकावर मात्र आपण दुकानदाराच्या एका शब्दावर हवालदार नेमतो आणि सबनीस, सरनोबत यांची आठवणही ठेवत नाही.

या हवालदाराची ओळखण्याची रीत तीन प्रकारची आहे. पूर्वी सापडलेल्या अपायकारक प्रोग्रामांच्या खुणांची एक यादी त्याच्यापाशी असते आणि तीत ज्याची खूण जुळेल त्याला तो रोखतो; ही सर्वांत जुनी रीत, आणि यादी रोजच्या रोज ताजी झाली नाही तर निरुपयोगी. दुसरी रीत वर्तनावर नजर ठेवण्याची आहे: एखादा अनोळखी प्रोग्राम अल्पावधीत शेकडो दस्तऐवज उघडून ते कूटबद्ध करू लागला, तर त्याचे नाव यादीत नसले तरी त्याला थांबवले जाते. तिसरी, अलीकडची, रीत म्हणजे शंका येताच कंपनीच्या दूरस्थ संगणकांकडे विचारणा करणे. म्हणून इंटरनेट बंद असताना अनेक अँटिव्हायरसांची दृष्टी मंदावते. तिन्ही एकत्र आल्या तरी पूर्ण खात्री मिळत नाही. १९८० च्या दशकात फ्रेड कोहेन या अमेरिकन अभ्यासकाने गणिती युक्तिवादाने दाखवून दिले की कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही याचा बिनचूक निवाडा प्रत्येक वेळी करू शकेल असा प्रोग्राम तत्त्वतःच संभवत नाही. तेव्हा खोक्यावर शंभर टक्के संरक्षणाची हमी छापलेली दिसली, तर ती छापणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी आपल्याला बरेच काही कळले असे समजावे.

मग श्रेष्ठ कोण हे ठरवायचे कसे? जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था वर्षभर अशा चाचण्या घेऊन निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. पहिली संस्था संरक्षण, यंत्राच्या वेगावर होणारा परिणाम आणि वापरातील सोय या तीन बाबींना प्रत्येकी ६ याप्रमाणे १८ गुण देते. यांतला तिसरा रकाना सहसा कोणी वाचत नाही, आणि माझ्या मते तोच घरगुती वापरासाठी सर्वांत बोलका आहे. कारण त्यात निर्दोष फाइलींना चोर ठरवण्याचे प्रमाण मोजलेले असते, आणि जो पहारेकरी दिवसातून चार वेळा घरच्याच माणसांवर ओरडतो त्याचे ओरडणे घरची माणसे लवकरच ऐकेनाशी होतात. शिवाय जुन्या कीर्तीवर विसंबण्यातही अर्थ नाही. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या तत्कालीन विनामूल्य संरक्षकास एव्ही-टेस्टने प्रमाणपत्र नाकारले होते. अलीकडच्या वर्षांत त्याचाच वारस असलेला डिफेंडर त्याच चाचणीत वरच्या पंक्तीत बसतो. अव्वल श्रेणीतल्या चारपाच उत्पादनांत शोधक्षमतेचा जो फरक उरतो तो इतका अल्प असतो की त्यावरून घराचा निर्णय करणे व्यर्थ होय.

म्हणून मला असे वाटते की विचारण्याजोगा प्रश्न बळाचा नसून विश्वासाचा आहे. अलीकडच्या इतिहासात हवालदारांनीच गड अडचणीत आणल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल अपायकारक ठरवून अटकेत टाकली आणि जगभरची यंत्रे पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या अशाच एका चुकीने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे ठप्प झाली, आणि त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. ते उत्पादन घरगुती नव्हे, परंतु गाभ्यापाशी बसवलेल्या पहारेकऱ्याचे पाऊल घसरले म्हणजे काय होते ते त्यावरून कळते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट अव्हास्टची. प्राग शहरातील या कंपनीचा विनामूल्य अँटिव्हायरस कोट्यवधी लोक वापरत असत, आणि ते कोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती तिची एक उपकंपनी परस्पर विकत असे. २०२० च्या आरंभी हे वृत्तमाध्यमांतून उघड झाल्यावर ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीस १ कोटी ६५ लाख डॉलरांचा दंड ठोठावला. त्याच वर्षी अमेरिकी शासनाने मॉस्कोच्या कॅस्परस्कीच्या विक्रीस आणि अपडेटांस आपल्या देशात बंदी केली, तेव्हा तेथील कित्येक ग्राहकांना एका सकाळी असे आढळले की जुना अँटिव्हायरस आपोआप निघून गेला आहे आणि त्याच्या जागी, ज्याचे नावही त्यांनी पूर्वी ऐकले नव्हते असा, दुसराच येऊन बसला आहे. किल्ल्या परस्पर तिसऱ्याच्या हाती गेल्या होत्या. तेव्हा निवड करताना कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, तिची उपजीविका कशावर चालते, आणि करारनाम्यात आपल्या माहितीविषयी काय लिहिले आहे, एवढे तरी पाहून घ्यावे. करारनामा लांबलचक असतो हे खरे. पण घर विकत घेताना खरेदीखत लांब आहे म्हणून कोणी न वाचता सही करत नाही.

तिरुवैयारुत एका तंजावरी मराठी घरी हाच विषय निघाला असता घरचे वडील, जे निवृत्त शिक्षक होते, मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "पुण्याचा एक आणि मद्रासचा एक, दोन्ही घातले तर? दोन्हीकडचा मान राहील." त्यांच्या सूनबाई मागून म्हणाल्या, "मामा, मग दोघं एकमेकांनाच धरतील." सूनबाईंचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. दोन पूर्ण अँटिव्हायरस एकाच यंत्रावर बसवले तर दोघेही त्याच फाइलीवर एकाच वेळी हात घालतात, एकमेकांच्या अटकेतील नमुने चोरीचा माल समजतात आणि यंत्र कूर्मगतीने चालू लागते. दुसरा अँटिव्हायरस रीतसर बसवला की डिफेंडर आपण होऊन बाजूस सरतो, तो याच कारणाने. आणि त्या दुसऱ्याची मुदत संपल्याची सूचना महिनोन्महिने दुर्लक्षित ठेवली तर घर नावापुरतेच राखले जाते. मुदत संपलेला विकतचा अँटिव्हायरस ठेवण्यापेक्षा तो काढून टाकून डिफेंडरला त्याची जागा परत देणे शतपटीने बरे.

माझे मत विचाराल तर, ज्या घरी विंडोजची चालू आवृत्ती नियमितपणे अपडेट होते आणि यंत्र वापरणारी माणसे दोनचारच आहेत, त्या घरी डिफेंडर पुरेसा आहे. पैसे देऊन जे घ्यावयाचे ते अधिक बळ म्हणून न घेता सेवा म्हणून घ्यावे. पुण्याची किंवा चेन्नईची कंपनी निवडण्यात खरा लाभ असा की अडचण आली तर आपल्या किंवा शेजारच्या भाषेत बोलणारा मनुष्य फोनवर भेटतो, आणि ज्या दुकानदाराने खोके विकले तो कुंभकोणम रस्त्यावरून दुचाकीवर घरी येऊन यंत्र पाहून जातो; वृद्ध दांपत्य एकटे राहत असलेल्या घरी या सोयीचे मोल कोणत्याही चाचणीच्या गुणांहून अधिक आहे. काही विकतच्या उत्पादनांत मुलांसाठी निर्बंध आणि बँकव्यवहारासाठी स्वतंत्र सुरक्षित खिडकीही असते. खरेदी करताना पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत न पाहता नूतनीकरणाची किंमत विचारावी, आणि कार्डावरून आपोआप पैसे वळते होण्याची संमती आपण नकळत दिली नाही ना, याची खातरजमा करावी.

तिरुवैयारुत बाधा शिरण्याची एक खास वाट आहे आणि ती संगीताची आहे. आराधनेच्या दिवसांत रसिक एकमेकांना जुन्या कचेऱ्यांची मुद्रणे पेन ड्राइव्हवर भरून देतात, छायाचित्रे छापणाऱ्या दुकानात तोच पेन ड्राइव्ह दिवसभरात कितीतरी लोकांचे काम करून आलेल्या यंत्रास लावला जातो, आणि संध्याकाळी तो घरी येतो. पेन ड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची विंडोजची जुनी सवय मायक्रोसॉफ्टने २०११ पर्यंत मोडून काढली, तरी फसवणुकीची दुसरी तऱ्हा टिकून आहे: फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेली जातिदर्शक अक्षरे विंडोज मुळातच दडवून ठेवते, त्यामुळे एखाद्या संगीतरचनेचे नाव आणि 'एमपी-थ्री' एवढेच दिसणारी वस्तू प्रत्यक्षात नावाअखेरीस 'ईएक्सई' लपवलेला चालता प्रोग्राम असू शकते. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या आणि प्रेमपत्राचे सोंग घेतलेल्या व्हायरसने नेमक्या याच युक्तीने काही दिवसांत जग हादरवले होते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' या सदरात जाऊन ही अक्षरे दिसू लागतील असे करून ठेवणे हा क्षणभराचा उद्योग आहे. तो केल्यावर गाण्याच्या वेषातला प्रोग्राम उघड्या डोळ्यांनी ओळखता येतो. सी-डॅक या शासकीय संगणकसंस्थेने विकसित केलेले 'यूएसबी प्रतिरोध' हे साधनही, जे अनोळखी पेन ड्राइव्हला अटकाव करते, केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून विनामूल्य मिळते.

आता तटबंदीविषयी, म्हणजे खुद्द विंडोजच्या अपडेटांविषयी. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतील संगणक वेठीस धरले आणि ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. पण ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्यापूर्वी दोन महिने, १४ मार्च रोजीच, दिले होते. म्हणजे ज्यांनी अपडेट होऊ दिले त्यांच्यापर्यंत त्याची ही वाट पोचलीच नाही. तमिळनाडूत हा मुद्दा अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण २०११ पासून राज्य शासनाने विद्यार्थ्यांना जे लॅपटॉप विनामूल्य वाटले त्यांनी अनेक खेडोपाडीच्या घरांत पहिला संगणक आणला, आणि त्यांतले कितीएक अद्याप जुन्या विंडोजवरच चालतात. विंडोज ७ ची डागडुजी जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज १० ची नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा यंत्रावर कितीही महागडा अँटिव्हायरस बसवला तरी ढासळलेल्या बुरुजावर पहारेकरी उभा करण्यासारखेच ते होय. यंत्र नवी विंडोज पेलण्याजोगे नसेल तर त्यावर सी-डॅकची बॉस किंवा अन्य कोणती लिनक्स प्रणाली बसवून पत्रव्यवहार आणि वाचन चालू ठेवावे. बँकेचे काम मात्र जुन्या विंडोजवर करू नये.

आणि ज्या वस्तू गेल्या तर पुन्हा मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी अँटिव्हायरसवर मुळीच विसंबू नये. पणजोबांच्या मोडी कागदांची चित्रे, आता हयात नसलेल्या आजीच्या आवाजातील ओव्या, या गोष्टी खंडणीखोर प्रोग्रामने कूटबद्ध केल्या तर पैसे देऊनही परत येतील याची शाश्वती नसते. तंजावरच्या सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह ज्यांच्यामुळे विशेष नावारूपास आला त्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८२० च्या सुमाराच्या काशीयात्रेत पंडितांकडून हस्तलिखिते मिळवून व नकलून घेतली होती; एका ठिकाणी असलेल्या ग्रंथाचा भरवसा धरू नये, हे त्या घराण्यास पुरते ठाऊक होते. एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा तीवर नक्कल उतरवावी, आणि काम झाले की ती यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी; लावलेलीच राहिली तर मूळ प्रतीबरोबर तीही कूटबद्ध होते, आणि हा तपशील नेमका विसरला जातो.

राहिली ती फसवणूक, जीत व्हायरसचा संबंधच नसतो. संकेतस्थळ पाहता पाहता पडदाभर लाल रंग उसळतो, कर्कश ध्वनी होतो, आपला संगणक बाधित झाला असून अमुक क्रमांकावर तत्काळ फोन करावा अशी सूचना झळकते, आणि फोन केल्यावर पलीकडचा गोड बोलणारा गृहस्थ दुरून यंत्र चालवण्याचे एखादे ॲप बसवून घ्यावयास सांगतो. ते ॲप स्वतः निर्दोष असते, म्हणून अँटिव्हायरस त्याला अडवतोच असे नाही. मालकानेच दार उघडून पाहुण्यास आत घेतले म्हणजे हवालदार बिचारा काय करणार? कोणतीही अँटिव्हायरस कंपनी किंवा बँक पडद्यावर असा क्रमांक झळकवून बोलावणे पाठवत नाही. ती खिडकी बंद होत नसेल तर यंत्र सरळ बंद करावे. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी, कारण पुढच्या खात्यातून रक्कम काढली जाण्यापूर्वी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. बाधा झाल्याची शंका असेल तर आधी इंटरनेट तोडावे, मग विंडोजच्या सुरक्षा विभागातील 'ऑफलाइन स्कॅन' चालवावा, जो प्रणाली पूर्ण जागी होण्यापूर्वीच तपासणी करतो आणि म्हणून लपून बसलेल्यांनाही गाठू शकतो. बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदलावेत. बाधित यंत्रावरून बदललेला पासवर्ड टंकित होत असतानाच चोराच्या हाती पडू शकतो.